जुनी वस्ती नकाशावर आणायचं काम : नोंदी, जानेवारी ते ऑगस्ट २०२४

२१ जानेवारी २०२४, रविवार, हडपसर

सकाळी पेपरात वाचलं, उजनी शून्याच्या खाली गेलं. जानेवारीतच. गेल्या पावसाळ्यात धरण साठ टक्क्यांच्या आसपासच भरलं होतं तेव्हा हे होणारच होतं, पण इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. तिकडच्या शेतकऱ्यांना आणि सोलापूरला पाण्याची किती ओढ लागणार आहे ते मला कळतं, आणि तरी बातमी वाचून पोटात काहीतरी हललं, कारण आजी-आबांचं गाव त्या पाण्याखाली आहे आणि यंदा ते वर येणार.

गाव म्हणजे खरंतर वस्ती, इंदापूर तालुक्यात पळसदेवच्या अंगाला, भीमेच्या काठावर, सतरा घरांची. नाव इथे लिहीत नाही, चुलत्यांकडे मोबदल्याचा वाद अजून पुरता मिटलेला नाही आणि हे काम त्यात ओढलं जायला नको. धरण १९८० ला पुरं झालं, आमची माणसं त्याच्या तीनेक वर्षं आधीच उठली. काही जण हायवेलगतच्या नव्या गावठाणात गेले, आबा मात्र आजीला आणि माझ्या वडिलांना, आण्णांना घेऊन थेट हडपसरला आले आणि मुंढव्यात एका कारखान्यात लागले.

आबांना पेपर हातात आला की आधी धरणांच्या साठ्याचा चौकोन बघायची सवय होती. खडकवासला, पानशेत, वरसगाव सोडून नजर थेट उजनीवर. आमची तिकडे ना शेती उरली होती ना ऊस, तरी रोज. २०१३ च्या उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं तेव्हा मला म्हणाले, "एकदा न्हे गं मला, आता दिसंल." मी म्हटलं पुढच्या रविवारी, माझी परीक्षा होती, मग पाऊस आला. २०१५ ला दिवाळीनंतर आबा गेले. पुढच्याच उन्हाळ्यात पाणी परत तळाला गेलं, २०१९ ला पण गेलं, तेव्हा बघायला आमच्यातलं कोणीच गेलं नाही. आजी तर त्याच्या कितीतरी आधी गेली होती.

काम असं ठरवलंय : सतरा घरं नेमकी कुठे होती ते नकाशावर टाकायचं, कोणाचं कुठलं ते लिहायचं, आणि आपलं घर शोधून आण्णांना आणि मोठ्या आत्याला तिथे नेऊन उभं करायचं. मुदत पाऊस येईपर्यंत.

२८ जानेवारी, रविवार

धाकट्या भावाने विचारलं, उणे टक्के म्हणजे काय, धरणात उणे पाणी कसं असेल. घरात बऱ्याच जणांना हा प्रश्न आहे म्हणून लिहून ठेवते. उजनीत पूर्ण भरल्यावर साधारण ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाणी मावतं. त्यातलं ६३.६५ टीएमसी मृतसाठा आणि वरचं ५३.५७ जिवंत साठा. टक्के मोजतात ते फक्त जिवंत साठ्याचे, म्हणून तो संपला की शून्य, आणि त्याच्याही खालचं पाणी वापरायला लागलो की त्याच ५३.५७ च्या हिशोबाने उणे. उणे पन्नास म्हणजे मृतसाठ्यातलं जवळजवळ २७ टीएमसी गेलं. या धरणात मृतसाठाच जिवंतपेक्षा मोठा आहे त्यामुळे शून्याला पोचलं तरी समोर समुद्रासारखं पाणी दिसतं. आमची वस्ती नदीच्या अगदी काठाला होती म्हणजे धरणाच्या खोल भागात, शून्याला ती दिसत नाही, अजून बरंच खाली जावं लागेल.

आण्णांना विचारलं तर ते घर सोडताना नऊ वर्षांचे होते, त्यांना चिंच आठवते, विहिरीत उड्या मारलेल्या आठवतात, पण घराची दिशा विचारली की एकदा पूर्व म्हणतात एकदा उत्तर. आत्याचं वय आता सत्तरीला आलंय, तिचं लग्न त्याच घरातून झालं आणि पहिल्या बाळंतपणाला ती तिथेच आली होती. तिला सगळं माहीत असणार.

११ फेब्रुवारी, रविवार

तीन आठवडे संध्याकाळी ऑफिसवरून आल्यावर नकाशे. अकाउंट्सचं काम करणारी मी, क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर व्हिडिओ बघून शिकतेय, त्यामुळे वेळ लागतोय.

काय काय मिळालं : एक, १९५० च्या दशकात अमेरिकन लष्कराने छापलेले भारताचे अडीच लाखाच्या स्केलचे नकाशे नेटवर फुकट आहेत, त्यात जुनी नदी, जुना रस्ता, जुनी रेल्वेलाईन सगळं आहे पण एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अडीचशे मीटर, त्यात आख्खी वस्ती एका टिंबात मावते. दोन, लँडसॅट उपग्रहाची १९७२ पासूनची चित्रं, एक ठिपका साधारण ऐंशी मीटरचा, घर दिसणं शक्यच नाही पण त्यात भीमा अजून नदीसारखी वळणं घेत चाललीये आणि धरण नाहीये. हे चित्र मी आण्णांना दाखवलं तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग बोटाने नदीचं एक वळण दाखवून म्हणाले, इथे आमची म्हशींची जागा. तीन, मे २०१९ ची सेंटिनल उपग्रहाची चित्रं, दहा मीटरचा ठिपका, त्यावरून पाणी किती मागे सरकलं होतं ते कळतं. वस्तीची जागा तेव्हा कोरडी होती, म्हणजे यंदाही होऊ शकते.

चौथी वस्तू सगळ्यात महत्त्वाची. आबांच्या पत्र्याच्या पेटीत मोबदल्याच्या केसच्या कागदांमध्ये जुन्या मोजणीच्या टिपणाची नक्कल सापडली. त्यावर आमची विहीर दाखवलीये आणि गावठाणाच्या हद्दीच्या दगडापासून तिचं अंतर लिहिलंय, ६ साखळ्या ४ आणे. गावनकाशाची प्रत काढायला एका कार्यालयात तीन फेऱ्या झाल्या, दोनदा साहेब नाहीत आणि एकदा बुडित गावाचा नकाशा कशाला पाहिजे म्हणून विचारणा. तिसऱ्या फेरीला तिथल्याच एका बाईंनी स्वतः गठ्ठे उपसून काढून दिला. त्या पण धरणग्रस्तच निघाल्या, पानशेतच्या बाजूच्या.

१० मार्च, रविवार, पहिली फेरी

मी आणि धाकटा, बाईकवर, पहाटे पाचला निघालो. यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ, भिगवण. भिगवणला चहा घेतला. मग डाळज, आणि पळसदेवच्या अलीकडे डावीकडे खाली.

पाणी मागे सरकलंय पण सगळीकडून एकसारखं नाही, मध्ये मध्ये चिखलाचे पट्टे, त्यावर रोहित पक्ष्यांची रांगच्या रांग. लोकांनी मोटारी पुढे नेल्यात, काळे पाईप आणि केबल गाळातून पाण्यापर्यंत गेलेले, काही ठिकाणी पाणी मोटारीपर्यंत यावं म्हणून जेसीबीने चाऱ्या खोदल्यात. वरच्या कोरड्या भागात गाळपेर केलेली, मका गुडघाभर. एका शेतकऱ्याने विचारलं, पक्षी बघायला आलाय का. मी म्हटलं, नाही, घर बघायला. त्याने कुठलं विचारलं, सांगितलं, तर तो म्हणाला "मग तुम्ही आमचेच की", आणि ताक दिलं.

नकाशावरून हद्दीच्या दगडाची जागा काढून ठेवली होती, तिथून साखळीच्या हिशोबाने १२६ मीटर. १२० मीटरच्या आसपास खरोखरच विहिरीचा काठ सापडला, गाळाने भरलेला, गोल, दगडी. आम्ही दोघं तिथे बसून डबा खाल्ला, फोटो काढले, मी आण्णांना व्हिडिओ कॉल केला, ते रडले.

११ मार्च, सोमवार

आत्याने रात्री फोटो बघून फोन केला. "ही आपली न्हाय. हिला थारोळं कुठंय? ही इंजिनाची हीर. आपली मोटंची."

मोटेच्या विहिरीला काठावर दगडी थारोळं असतं, मोट वर आली की पाणी त्यात पडतं आणि तिथून पाटाला जातं, शिवाय बैलांना उताराने चालायला धाव असते. इंजिन बसवायला काढलेल्या विहिरीला यातलं काही लागत नाही. तिने फोटोत पाच सेकंद बघून सांगितलं. आण्णांना कसं सांगायचं याचा मी दिवसभर विचार करत होते.

१६ मार्च, शनिवार

चूक सापडली. मी साखळी म्हणजे ६६ फूट धरली होती, नेटवर सगळीकडे तेच येतं. आज गाडीतळावर बसची वाट बघत होते, समोर प्लॉटिंगचा बोर्ड, उरुळीजवळ एक गुंठा, १०८९ स्क्वेअर फूट. हा आकडा पुण्यात सगळ्यांना पाठ असतो, पण तो असा विचित्र का याचा मी कधी विचार केला नव्हता. १०८९ म्हणजे ३३ गुणिले ३३. आपल्याकडची जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे, आणि एक साखळी लांब एक साखळी रुंद तो गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर.

म्हणजे ६ साखळ्या ४ आणे हे सव्वासहा गुणिले ३३, २०६ फूट आणि वर थोडं, ६३ मीटर. मी बरोबर दुप्पट लांब गेले होते. बसमध्ये उभ्यानेच फोनच्या कॅलक्युलेटरवर तीनदा करून बघितलं. ६३ मीटरची जागा अजून पाण्यात आहे. पाण्याच्या कडेपासून फार आत नाही, पण आहे पाण्यातच.

३१ मार्च, रविवार

दर पाच दिवसांनी उपग्रहाचं नवीन चित्र येतं, ढग नसले तर. पाण्याची कड प्रत्येक चित्रावरून रेघ मारून ठेवतेय. मार्चमध्ये वस्तीच्या बाजूला बरीच सरकली. आज काम एवढंच.

२१ एप्रिल, रविवार, दुसरी फेरी

विहीर मिळाली. थारोळ्यासकट. थारोळं म्हणजे एका मोठ्या दगडात खोदलेली उथळ कुंडी आणि पुढे पाण्याला जायला खाच, खाचेत शिंपले अडकलेले. धावेचा उतार पण गाळाखाली पुसटसा कळतो. जीपीएसने मोजलं तर हद्दीच्या दगडापासून ६० ते ६५ मीटर, फोनचा जीपीएस तसाही चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, म्हणजे टिपण बरोबर आहे. ज्याने कोणी साखळी ओढत उन्हात हे मोजलं असेल त्याचे मनातल्या मनात आभार मानले.

घरं मात्र कठीण. सगळी माळवदाची होती, मातीच्या भिंती, पाण्यात विरघळून गेल्या. दारं, चौकटी, तुळया, खण लोकांनी उठतानाच काढून नेले होते, नव्या जागी तेच लाकूड लावलं. उरलेत ते फक्त पायाचे दगड, आणि तेही रेघेसारखे, मध्येच गाळात बुडणारे. विहिरीच्या उत्तरेला दोन पाये आहेत, एक विहिरीपासून साधारण ५० मीटर, दुसरा ८५. त्यातला एक आपला. दोन्हीची दारं कुठल्या बाजूला होती ते आता ओळखता येत नाही.

पाण्याबद्दल लिहायचं टाळत होते पण लिहिते. कडेला पाणी हिरवंगार आहे आणि वास येतो. आमच्या हडपसरचे नाले मुळा-मुठेत जातात, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, भीमा इथे. पुण्यात आम्ही जे सोडतो ते आबांच्या दारात येऊन थांबतं. सोसायटीचा सांडपाण्याचा प्लांट महिनोन्महिने बंद असतो आणि मीटिंगमध्ये तो विषय शेवटी येतो, तोपर्यंत लोक उठलेले असतात, मी पण उठलेय कितीदातरी. पुढच्या मीटिंगला मी तो विषय पहिला घ्यायला लावणार आहे.

१० मे, शुक्रवार, अक्षय्य तृतीया

आमच्याकडची आखिती. आत्याकडे लोणी काळभोरला सगळे जमलो, आजी-आबांचं पान वाढलं, आमरस, पोळ्या, कुरडया. जेवण झाल्यावर आत्यासमोर लॅपटॉप उघडून दोन्ही पाये दाखवले आणि विचारलं, विहीर ते घर किती लांब होतं. ती म्हणाली जवळच. म्हटलं जवळ म्हणजे किती, पन्नास पावलं का शंभर. तिला पावलं सांगता येईनात. मग म्हणाली, "दोन ओव्या. हिरीवरनं कळशी उचलली की पैली, चिंचंपाशी दुसरी, आन् तिसरीला तोंड उघडायच्या आत उंबरा."

मला आधी समजलंच नाही. जात्यावरच्या ओव्या ती पाणी आणतानाही म्हणायची, आजी म्हणायची म्हणून ही पण. अंतर तिच्याकडे ओव्यांमध्येच आहे.

मग अंगणात मोजायला घेतलं. स्टीलची कळशी भरली, आत्याने पदराची चुंबळ केली, डोक्यावर घेतली आणि ओवी म्हणत चालायला लागली, गुडघे दुखतात तिचे, तरी. दुसरी ओवी संपली तिथे धाकट्याने खडूने रेघ मारली, टेपने मोजलं. ४७ मीटर. परत. ५२. परत. ४९. अंगण पुरत नव्हतं म्हणून फाटकाबाहेर रस्त्यावर जावं लागलं, शेजारच्या बायका बाहेर येऊन बघायला लागल्या, त्यातल्या एकीला तीच ओवी येत होती तर ती पण म्हणायला लागली. ८५ ला एकदाही गेलं नाही.

आपलं घर ५० मीटरवालं.

त्याच बैठकीत दुसरी गोष्ट झाली, मला ती पहिल्याइतकीच मोठी वाटते. मी जुन्या कागदांवरून सतरा घरमालकांची यादी केली होती, सगळी पुरुषांची नावं, कागदावर तीच असतात. ती वाचून दाखवायला लागले तर आत्याला निम्मी घरं कळेनात. तिने घरं बायकांच्या नावाने सांगितली. कोणाच्या अंगणात शेवया व्हायच्या, कोणाकडे विरजण मागायला जायचं, कोण सुईण होती, कोणाचा चुलीवरचा हात चांगला. मी नकाशात प्रत्येक घराला दुसरा रकाना केला. चौदा घरांच्या बायकांची नावं मिळाली, तीन राहिली.

२२ मे, बुधवार

काल संध्याकाळी कुगावहून कळाशीला येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली, उजनीच्याच पाण्यात, आमच्या जागेपासून लांब नाही. सहा जण बेपत्ता आहेत, शोध चालू आहे. या बोटी लोक हौसेने वापरत नाहीत, समोरचं गाव डोळ्यांना दिसतं आणि रस्त्याने जायचं तर भलामोठा वळसा. धरणाच्या आधी मधे नदी होती, उन्हाळ्यात लोक चालत पलीकडे जायचे, सोयरिकी व्हायच्या, आजीची बहीणच पलीकडे करमाळा तालुक्यात दिलेली. आता जुना डिकसळचा पूल, जो आधी रेल्वेचा होता आणि धरणामुळे लाईन हलवल्यावर रस्त्याचा झाला, तोच काय तो आधार, आणि तोही थकलेला.

२६ ला आत्याला नेणार होतो, ते रद्द. तिकडे घराघरात काय चाललं असेल आणि आपण जुनं घर बघायला जायचं, बरं वाटेना.

(२४ तारखेला लिहितेय : सहाही जणांचे मृतदेह मिळाले.)

२ जून, रविवार, तिसरी फेरी

पाणी आता उणे साठच्या जवळ. म्हणजे मृतसाठ्यातलं ३२ टीएमसी गेलं, निम्मं. याच्याखाली फार जाणार नाही, आणि पाऊस तोंडावर आहे, म्हणून आजच.

मी, धाकटा, आण्णा, आई, आत्या. गाडी भाड्याने केली, पहाटे चारला निघालो. मार्चमध्ये ताक दिलेले काका ट्रॅक्टर घेऊन थांबले होते, गाळ जिथे टणक आहे तिथपर्यंत त्यांनी ट्रॉलीतून नेलं, पुढे चालत. गाळाला हातभर खोल भेगा पडल्यात, आत्या चपला हातात घेऊन अनवाणी चालत होती, म्हणाली चपलेनं जमिनीचा अंदाज येत नाही. आण्णा सगळ्यांच्या पुढे. मी त्यांना इतकं भरभर चालताना कधी बघितलं नव्हतं.

विहिरीपाशी आल्यावर आत्या थारोळ्यावर जाऊन बसली, सांगावं लागलं नाही. हात फिरवत म्हणाली इथे कोपऱ्यात कपचा उडालेला आहे बघ, आणि होता. गाळ बाजूला केल्यावर निघाला, करंगळीएवढा.

मग उठली आणि चालायला लागली, दहा पावलांवर थांबली आणि मागे आली. "डोईवर वझं न्हाय तर पाऊल लांब पडतं." कळशी आणली नव्हती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. गाडीतला पाच लिटरचा पाण्याचा कॅन होता, धाकट्याने पळत जाऊन आणला. तिने चुंबळ केली, कॅन आडवा ठेवला, एका हाताने धरला आणि ओवी सुरू केली. आम्ही कोणीच बोलत नव्हतो. वारा होता आणि लांब कुठेतरी मोटार चालू होती. पहिली ओवी संपली तिथे थांबली, डावीकडे बघितलं, "हितं चिंच." जमिनीत काळं पडलेलं खोडाचं बूड होतं, एप्रिलमध्ये मी त्याच्यावरून दोनदा गेले होते आणि मला तो दगड वाटला होता. दुसरी ओवी संपता संपता ती पायाच्या दगडांच्या रेघेपाशी पोचली आणि तिथे वाकली, जशी खाली दार असताना वाकतात तशी, आणि आत गेली.

आत म्हणजे काय, उघडं रान. पण ती आत गेली आणि आम्ही सगळे तिच्या मागोमाग तेवढ्याच जागेतून आत गेलो, कोणीही पायाच्या दगडांवरून आडवं गेलं नाही.

तिने सोपा दाखवला, चूल कुठे, बाळंतिणीची खोली कुठे. मग उजव्या कोपऱ्यात बसून हाताने गाळ उकरायला लागली. विचारलं काय आहे तर म्हणाली, असलं तर हितंच असंल. धाकट्याने स्क्रूड्रायव्हर दिला, काकांनी खुरपं. वीतभर खाली दगडाची गोल कड लागली. उखळ. जमिनीत पुरलेलं असतं ते, म्हणून राहिलं. जातं नेलं, पाटा नेला, रांजण नेला, उखळ निघेना. आत्या सांगते की आजीला ते पाहिजे होतं, तिने दोन दिवस धरणं धरलं, आबा म्हणाले तिकडे काय दगड मिळत नाहीत का. हडपसरच्या खोलीत उखळ बसवायला जमीनच नव्हती, फरशी होती, आजी शेवटपर्यंत लोखंडी खलबत्त्यात चटणी कुटायची, आणि खालच्या मजल्यावरचे आवाज होतो म्हणून तक्रार करायचे. तो खलबत्ता मला आठवतो. मागची गोष्ट मला आज कळली.

उखळ पूर्ण साफ व्हायला तास लागला. कोपरापर्यंत हात जातो इतकं खोल, आतून गुळगुळीत. आत्याने कॅनमधलं पाणी त्यात ओतलं, धुतलं, परत ओतलं. आण्णा म्हणाले काढून नेऊ, ट्रॅक्टर आहे, माणसं आहेत. काका पण तयार होते. आत्या नको म्हणाली. आण्णांनी परत विचारलं, आवाज जरा चढला होता त्यांचा, त्यांना आईसाठी काहीतरी करायचं होतं. आत्या म्हणाली, "आईला घरात पायजे हुतं ते. आता घर न्हाय, नुसतं उखळ कशाला?" आण्णा मग बसले उखळाशेजारी, जवळजवळ अर्धा तास, आणि उठताना त्यांनी खिशातला रुमाल त्यात ठेवला आणि परत काढून घेतला. का ते मी विचारलं नाही.

मोजमाप : थारोळं ते उंबरा टेपने ५१ मीटर २०. उखळाचे जीपीएस आकडे पाच वेळा घेतले, सरासरी काढली. बाकी घरं आत्याने तिथे उभं राहून बोटाने दाखवली, मी प्रत्येकाला नंबराची काठी लावली आणि फोटो काढला. १७ पैकी १५ जागा नक्की. दोन पाण्याच्या कडेला चिखलात, जवळ जाता आलं नाही.

खर्च : गाडी आणि डिझेल आण्णांनी दिले, मला घेऊ देईनात. काकांनी काहीच घेतलं नाही, घरी चिलापीचं कालवण आणि भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

९ जून, रविवार

काल संध्याकाळी पुण्यात धो धो पाऊस, रस्ते नदीसारखे. आत्याचा रात्री फोन, तिकडे पडला का.

दोन राहिलेल्या घरांसाठी २०१९ च्या स्वच्छ चित्रांवर शोधतेय, एकाची जागा बऱ्यापैकी पटते.

२८ जुलै, रविवार

२५ तारखेला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकने पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत घरात पाणी शिरलं. ऑफिसातल्या एकीचं घर तळमजल्यावर, आम्ही तिघी-चौघी शनिवारी जाऊन चिखल काढायला मदत करून आलो. तिच्या किचनच्या भिंतीवर पाण्याची रेघ ओट्याच्या वर होती. तिचं लक्ष सारखं त्या रेघेकडे जात होतं.

तेच पाणी पुढे बंडगार्डन, दौंड, उजनी. दौंडचा विसर्ग मी रोज बघतेय. धरण उण्यातून वर आलं. आजच्या चित्रात ढग आहेत पण एका फटीतून पाण्याची कड दिसते, विहीर, चिंच, घर सगळं आत गेलं. आण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "भरू दे. लोकांची पिकं हायेत."

११ ऑगस्ट, रविवार

धरण भरलं, खाली भीमेत सोडतायत.

नकाशा छापला. ए-टू साईज, गाडीतळाजवळच्या प्रिंटिंगवाल्याकडे, वीस प्रती. एका बाजूला १९७२ ची नदी, दुसऱ्या बाजूला सतरा घरं, प्रत्येकाला दोन रकाने, कागदावरचं नाव आणि वस्तीतलं नाव. खाली स्केल मीटरमध्ये आणि साखळीत. आत्याला पहिली प्रत दिली, तिने चष्मा लावून दहा मिनिटं बघितली आणि दोन चुका काढल्या : नऊ नंबरच्या घराचं दार पूर्वेला होतं, मी दक्षिणेला दाखवलंय, आणि स्केल तिसऱ्या प्रकाराने पण द्यायचं, ओव्यांमध्ये. दिलं. एक ओवी म्हणजे २५ मीटर, डोक्यावर भरलेली कळशी असताना.

वीसच्या वीस प्रती परत छापायच्या.

राहिलेलं : घर नंबर ४, ११ आणि १६, बायकांची नावं अजून नाहीत. चार नंबरची सून जेजुरीला असते असं काकांकडून कळलं, वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं, फोनवर जमणार नाही. पुढच्या रविवारी जाते.